वजनकाटा बाजूला ठेवा: हृदयासाठी आणि रक्तवाहिन्यांसाठी व्यायाम कसा करायचा

"दोन महिने झाले रोज चालतोय, वजन एक किलोपण हललं नाही, मग कशाला उठायचं पाचला?" हे वाक्य प्रत्येक सोसायटीत कुणी ना कुणी म्हणतंच आणि मग आठवड्याभरात तो माणूस बागेत दिसेनासा होतो. वाईट याचं वाटतं की तोवर आत कामाला सुरुवात झालेली असते, फक्त ती काट्यावर दिसत नाही. हृदय आणि रक्तवाहिन्यांना व्यायामाचा जो फायदा होतो त्यातला बराचसा वजन न घटतासुद्धा होतो. त्यामुळे मोजायचंच असेल तर बीपी मोजा, सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजा, दोन जिने चढल्यावर किती दम लागतो ते बघा. काट्यावर महिन्यातून एकदा उभे राहिलात तरी पुष्कळ.

आत नेमकं काय होतं ते आधी थोडं सांगतो, कारण ते कळलं की पुढचे सगळे नियम आपोआप कळतात, पाठ करावे लागत नाहीत.

आपण रक्तवाहिनी म्हणजे पाइप समजतो आणि तिथेच गोंधळ होतो, कारण पाइप जिवंत नसतो. रक्तवाहिनीला आतून फक्त एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. आपण भराभर चालायला लागलो की रक्त जोरात वाहतं, ते या अस्तराला घासून जातं, आणि त्या घासण्यामुळे अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात. हा वायू वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल करतो, वाहिनी रुंदावते, प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळी व्हायची शक्यता कमी होते. १९९८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना या वायूवरच्या कामासाठीच मिळालं. अँजायनावाले, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणारे, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात ना, ती गोळीसुद्धा शेवटी हाच वायू पुरवते. म्हणजे जे औषध बाहेरून घ्यावं लागतं त्याची थोडी थोडी पैदास आपण चालून आतच करत असतो.

आता यातली मेख. हा परिणाम टिकाऊ नाही. अर्धा-पाऊण तास नीट चाललात की त्यानंतर काही तास बीपी नेहमीपेक्षा खाली असतं, काहींचं जवळजवळ दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि मग परत होतं तिथे. रोज रोज ही सैल होण्याची सवय लागली की मूळचं बीपीच थोडं उतरतं, ज्यांना आधीच हाय बीपी आहे त्यांचं वरचं बीपी पाच ते आठ पॉइंटनी उतरू शकतं. हे कमी वाटत असेल तर एखाद्या बीपीच्या गोळीने साधारण किती उतरतं ते डॉक्टरांना विचारा, फार लांबचा आकडा येणार नाही. (म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण लोक नेमकं तेच करतात.) पण चालणं सोडलं की काही आठवड्यांत कमावलेलं निघून जातं. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, एवढा एकच नियम पाळलात तरी बाकी चुका चालून जातात.

कुणी म्हणेल की शनिवार-रविवारी एकदम करणाऱ्यांनाही फायदा होतो असं वाचलंय. बरोबर वाचलंय. ब्रिटनमधल्या हजारो लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधून जमवलेली माहिती २०२३ साली छापून आली, त्यात आठवड्याच्या व्यायामाची १५० मिनिटं एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका कमीच दिसला. वेळ नसेल तर तेवढं तरी करा, काहीच न करण्यापेक्षा लाखपटीने बरं. पण बीपी आणि शुगर यांचा हिशोब रोजचा असतो, आणि दुसरं म्हणजे सोमवार ते शनिवार खुर्चीत बसून रविवारी एकदम सिंहगड चढायला जाणारा पन्नाशीचा गडी धोका पत्करतोच, कारण सवय नसताना अचानक जोर लावणं हे स्वतःच अटॅकचं एक निमित्त असतं. सवय असलेल्यांना तोच चढ तेवढा धोकादायक राहत नाही.

हृदयाचं काय होतं

शांत बसलेलो असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं, एका ठोक्याला ७० मिलिलिटरच्या आसपास. धडधाकट पण व्यायाम न करणारा माणूस पूर्ण जोर लावतो तेव्हा हेच २० लिटरपर्यंत जातं, आणि लांब पल्ल्याचे कसलेले धावपटू ३५ लिटरच्याही पुढे जातात. नियमित व्यायामाने अंगातलं रक्ताचं पाणी (प्लाझ्मा) वाढतं, हृदयाचा कप्पा जास्त रक्त मावून घेतो, एका ठोक्याला जास्त रक्त जातं, म्हणून बसलेलं असताना कमी ठोक्यांत काम भागतं. सकाळची नाडी ८२ वरून ७२ वर आली तर समजा गाडी बरोबर चाललीय. आणि याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही: हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचा रक्तपुरवठा मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतो. नाडी मंद झाली की ती विश्रांती लांबते, म्हणजे हृदयाला जेवायला जास्त वेळ मिळतो.

उलट्या बाजूचा पुरावा अमेरिकेतल्या डॅलसचा आहे. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच पोरांना तीन आठवडे अंथरुणातच झोपवून ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पाव हिश्शापेक्षा जास्त उतरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून मोजलं तर तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता घालवली होती त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांनी घालवली होती! मग सहा महिने हळूहळू व्यायाम करून घेतला आणि वयाने गेलेली क्षमता परत आली. डॅलसमध्येच पुढे ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या लोकांना दोन वर्षं, आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम करायला लावला, आणि २०१८ साली त्याचे निकाल आले की त्यांच्या हृदयाच्या स्नायूचा वयाने आलेला कडकपणा बराच सुटला होता. पासष्टीनंतर सुरू केलेल्यांमध्ये तो कडकपणा तसा सुटलेला दिसला नाही, दम आणि बीपी त्यांचंही सुधारतं, पण पन्नाशीच्या आसपास सुरू करणाऱ्याला जे मिळतं ते वेगळं. तेव्हा "रिटायर झालो की चालायला जाईन" हा बेत बदला.

आणि ते वजनाचं. लंडनच्या डबलडेकर बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना जेरी मॉरिस यांनी १९५३ साली छापली, व्यायाम आणि हार्ट अटॅक यांचा संबंध इतक्या ठळकपणे पहिल्यांदा तिथेच दिसला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली (आपल्या बेस्टच्या जुन्या डबलडेकरमधल्या कंडक्टरचंही तेच होतं), आणि हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी. मग शंका आली की ड्रायव्हर मुळातच जाडे असतील, तर मॉरिस यांनी चक्क युनिफॉर्मच्या पँटींच्या कमरेची मापं काढली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्याच. पण पुढच्या कामात दिसलं की कंबर बारीक असो, मध्यम असो की सुटलेली, अचानक हृदय बंद पडून मरण्याचा धोका त्या त्या मापाच्या कंडक्टरला कमीच होता. पोट सुटलेल्या कंडक्टरचाही जिना वाया जात नव्हता.

सुरू करायच्या आधी

साध्या वेगाने चालायला कुठलीही टेस्ट लागत नाही, ते कारण सांगून पुढे ढकलू नका. पण खालच्यापैकी काही असेल तर आधी डॉक्टर: चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, जळजळ, जबड्यात किंवा हातात दुखणं, चक्कर येऊन पडणं, आधी अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा व्हॉल्वचा प्रॉब्लेम, बरीच वर्षं जुना डायबिटीस, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणा, मग व्यायाम. आणि आपल्याकडे हे चाळिशीतच बघावं लागतं. २००४ साली आलेल्या इंटरहार्ट नावाच्या ५२ देशांच्या अभ्यासात भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक यायचं मधलं वय ५३ निघालं, बाकी जगात ते ५९ च्या जवळ होतं. म्हणजे आपली साताठ जणांची बॅच असेल तर निम्म्यांचा नंबर ५३ च्या आधी, असं नाही हो, घाबरू नका, ज्यांना अटॅक आला त्यांच्यातलं हे मधलं वय आहे. पण सहा वर्षं लवकर म्हणजे लवकरच.

टीएमटी म्हणजे ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ असतात. ती टेस्ट एवढंच सांगते की आज, जोर लावल्यावर, रक्तपुरवठा कमी पडतोय का. वाहिनीत चरबीचा छोटा, मऊ थर असेल तर तो रक्त अडवत नाही, टेस्टमध्ये दिसत नाही, आणि तरी फुटून गुठळी होऊ शकते. तेव्हा टेस्ट नॉर्मल आली की सिगरेट चालू, मावा चालू, असं गणित मांडू नका.

गोळ्यांचं एक बघा. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल या ठोके मंद करणाऱ्या गोळ्यांपैकी काही चालू असेल तर नाडी फारशी वाढणारच नाही, घड्याळ बघून "माझा हार्ट रेट वाढतच नाही" म्हणून अजून पळू नका. लघवीची गोळी असलेल्यांनी उन्हाळ्यात पाणी आणि चक्कर यांच्याकडे लक्ष द्या, हार्ट फेल्युअरवाल्यांनी मात्र पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारायचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवायच्याच, आणि उपाशीपोटी लांब जायचं नाही, चतुर्थी असो नाहीतर एकादशी.

किती आणि किती जोरात

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जास्त जोराचा व्यायाम करायचा, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. मध्यम जोर म्हणजे काय याचं सगळ्यात सोपं माप हे की बोलता आलं पाहिजे पण गाता येता कामा नये. मित्राशी निवांत राजकारणावर भांडत चालताय, एकही वाक्य तुटत नाहीये, तर ते फिरणं झालं. फिरणं वाईट नाही, पण ते त्या १५० मिनिटांत धरू नका. पावलांत सांगायचं तर मिनिटाला १०० पावलं ही मध्यम जोराची साधारण सुरुवात. घड्याळावर जायचं असेल तर २२० मधून वय वजा करा, ४५ वर्षांच्या माणसाचे १७५ येतात, त्याच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश म्हणजे ११५ ते १३० हा मध्यम पट्टा. हे सूत्र माणसामाणसाला दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, त्यामुळे घड्याळ एक म्हणतंय आणि दम दुसरं, तर दमाचं ऐका.

१०,००० पावलांचा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही, तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आलाय. २०२२ साली १५ अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा साठीच्या पुढच्यांना ६,००० ते ८,००० आणि त्याखालच्यांना ८,००० ते १०,००० पावलांपर्यंत फायदा वाढत गेला, त्यापुढे फारसा नाही. तेव्हा रात्री साडेअकराला आकडा पूर्ण करायला हॉलमध्ये येरझाऱ्या घालणाऱ्या काकांनी झोपायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष. पहिले दोन आठवडे फक्त १० ते १५ मिनिटं, सपाटीवर, रोज. हे हास्यास्पद वाटेल एवढं कमी आहे आणि तसंच पाहिजे, कारण हृदय आणि फुप्फुसं पटकन जुळवून घेतात, गुडघे आणि टाचा नाही, आणि लोक व्यायाम सोडतात ते टाच दुखते म्हणून. मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा, दीड-दोन महिन्यांत ३०-४० मिनिटांवर याल. आधी वेळ वाढवायची, मग वेग, चढ सगळ्यात शेवटी. सलग ४० मिनिटं मिळत नसतील तर तुकडे करा, सकाळी १५, जेवल्यावर १०, संध्याकाळी १५, शरीर हिशोब लावून घेतं.

प्रत्येक वेळी पहिली पाच-दहा मिनिटं रमतगमत. हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांना रुंदावायला तेवढा वेळ लागतो, डिसेंबरात तर जास्तच, कारण थंडीने वाहिन्या आकसतात आणि पहाटे बीपी तसंही वर चढत असतं. पुण्या-नाशकाच्या थंडीत साठीच्या माणसाने पाचला उठून लगेच टेकडीला भिडण्यात काही शौर्य नाही, सातनंतर जा, नाहीतर सरळ संध्याकाळी जा. आणि शेवटची पाच मिनिटं परत हळू. ही पाच मिनिटं सगळे खातात. जोरात चालताना पायातल्या वाहिन्या पूर्ण उघडलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू दाबून दाबून रक्त वर पाठवत असतात. एकदम थांबलात की दाबणारं कुणी नाही, रक्त पायात साठतं, बीपी खाली येतं, डोळ्यापुढे अंधारी. जिममध्ये ट्रेडमिलवरून उतरून लोक मटकन बसतात ते यामुळे. लगेच कडकडीत गरम पाण्याने अंघोळही त्याच कारणासाठी नको.

दोन-अडीच महिने सपाटीवर झाले की चढ घ्या. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या, तळजाई, हनुमान टेकडी, मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला चढ, काहीच नसेल तर बिल्डिंगचा जिना. एक मिनिट भराभर, दोन मिनिटं हळू, असं सहा-आठ वेळा. आठवड्यातून दोनदा पुरे. नॉर्वेतला चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असे चार फेरे हा प्रकार हल्ली फार चालतो, चांगला आहे, हृदयरोग्यांवरसुद्धा देखरेखीखाली वापरला जातो, पण तो पाया झाल्यावर. पहिल्याच आठवड्यात नाही.

ताकदीचा व्यायाम आणि श्वास

बीपीवाल्यांना वजन उचलू नका असं सरसकट सांगायचे दिवस गेले. धोका वजनात कमी आणि श्वास कोंडण्यात जास्त आहे. १९८५ साली कॅनडात बॉडीबिल्डरांच्या धमनीत थेट नळी घालून पायांनी जड वजन ढकलताना बीपी मोजलं, एकाचं ४८०/३५० पर्यंत गेलं होतं. ते कमाल वजन होतं आणि श्वास रोखलेला. तुम्ही हलकं वजन घ्या, जे १२-१५ वेळा आरामात होईल असं, आणि जोर लावताना तोंडाने श्वास सोडा. मोठ्याने आकडे मोजले की श्वास कोंडताच येत नाही, ही सोपी युक्ती. खुर्चीतून हात न लावता उठ-बस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, एवढ्यावर घरच्या घरी वर्ष निघतं.

बीपीसाठी एक प्रकार मात्र वेगळा सांगतो. भिंतीला पाठ टेकवून, अदृश्य खुर्चीत बसल्यासारखं दोन मिनिटं थांबायचं, मग दोन मिनिटं आराम, असे चार फेरे, आठवड्यातून तीन दिवस. २०२३ साली २७० प्रयोग एकत्र करून बघितलं तर बसलेलं असतानाचं बीपी उतरवण्यात हा न हलता ताण देणारा प्रकार पहिला आला, चालण्या-धावण्याच्याही पुढे. सुरुवातीला मांड्या थरथरतात, तेव्हा कमी वाका, श्वास चालू ठेवा, बीपी आटोक्यात नसेल तर थांबा. आणि हे चालण्याच्या जोडीला, बदली नाही, कारण दम आणि शुगरसाठी चालणंच लागतं.

सूर्यनमस्कार? सलग, लयीत, दम लागेल असे घातले तर मस्त, अर्ध्या तासाचा अख्खा व्यायाम होतो. प्रत्येक आसनात थांबत थांबत घातले तर ते अंग ताणणं झालं, तेही चांगलं, पण वेगळं. बीपी आटोक्यात नसताना शीर्षासन नको. अनुलोम-विलोमने मन शांत होतं, मीही करतो, पण त्याने दम लागत नाही आणि रक्त जोरात वाहत नाही, म्हणून "मी प्राणायाम करतो, मला चालायची गरज नाही" हे मला पटत नाही. इथे वाद होणार हे माहितीय, होऊ दे.

घरकामाचंही तसंच. "दिवसभर राबतेय, अजून कसला व्यायाम" हे बायकांचं म्हणणं खोटं अजिबात नाही, पाणी भरणं, फरशी पुसणं यात दम लागतो आणि ते धरायलाच पाहिजे. पण ओट्यापाशी तीन तास उभं राहणं म्हणजे पाय दुखणं आहे, हृदयाला त्याचा उपयोग नाही. २०२४ साली लॅन्सेटच्या एका नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार भारतात २०२२ मध्ये पुरेशी हालचाल न करणाऱ्या बायका ५७ टक्के होत्या, पुरुष ४२. हा फरक आळसाचा नसून सकाळी सहा ते आठ या वेळात चहा, डबे, नाश्ता कोण करतं याचा आहे. तेव्हा हे वाचणाऱ्या दादांनी आठवड्यातले तीन दिवस डबा स्वतः करावा, घरातल्या दोघांच्याही हृदयाचं भलं होईल.

दिवसभर बसून काम असेल तर तासा-अर्ध्या तासाने उठा. आणि रात्रीची शतपावली, आजोबा करायचे ती, १०-१५ मिनिटं करा, जेवणानंतर रक्तात चढणारी शुगर त्याने खाली राहते. कोलेस्टेरॉलबद्दल मात्र फार आशा नको. व्यायामाने ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरतात, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं, पण एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल फारसं हलत नाही, म्हणून ते उतरवणारी स्टॅटिनची गोळी दिली असेल तर ती चालूच.

बीपी घरी मोजताना व्यायाम, चहा, सिगरेट यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. घरचा आकडा सतत १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. एका दिवसाच्या आकड्यावर ना हुरळायचं ना घाबरायचं.

स्टेंट टाकलाय, किंवा पोटरीत गोळे येतात

अँजिओप्लास्टी झाली म्हणजे आता जपून, पलंगावर, असं घरचे ठरवतात. स्टेंटने एक जागा उघडली, बाकीच्या सगळ्या वाहिन्यांचं अस्तर तसंच आहे, त्याला चालणंच लागतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की घरातल्या घरात, मग गॅलरी, मग रस्ता, आणि गावात कार्डिॲक रिहॅबची, म्हणजे हृदयरोग्यांना देखरेखीखाली व्यायाम करवून घ्यायची सोय असेल तर जरूर जा, तिथे सहा मिनिटांत किती चालता ते मोजून डोस ठरवतात. जर्मनीत लाइपझिगला स्थिर अँजायना असलेल्या १०१ पुरुषांवर प्रयोग झाला, निम्म्यांना स्टेंट, निम्म्यांना रोज २० मिनिटं सायकल, वर्षभराने सायकलवाल्यांपैकी ८८ टक्के तर स्टेंटवाल्यांपैकी ७० टक्के कुठलीही नवी भानगड न होता राहिले. २००४ साली छापून आलं. प्रयोग छोटा आहे आणि सगळे स्थिर पेशंट होते, अटॅक चालू असताना स्टेंट म्हणजे जीव वाचवणं, तिथे सायकल आणू नका.

चालताना ठराविक अंतरावर पोटरीत गोळा येतो, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातो, परत तेवढंच चाललं की परत येतो, हे वयाचं दुखणं समजून मलम चोळत बसू नका, पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं हे लक्षण असू शकतं, तंबाखू-बिडीवाल्यांत आणि डायबिटीसवाल्यांत तर हमखास बघावं. तपासून घेतल्यावर यावर उपाय पुन्हा चालणंच: बऱ्यापैकी दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की परत चाला, असं थांबण्यासकट अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, तीन महिने. न दुखता चालायचं अंतर वाढत जातं. डायबिटीस असेल तर रोज रात्री तळपाय बघायचे आणि अनवाणी चालायचं नाही.

कधी थांबायचं: छातीवर दगड ठेवल्यासारखं, जबडा-खांदा-हात-पाठीकडे जाणारं दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, थंड घाम, डोकं हलकं होणं, ठोके वेडेवाकडे. बायकांमध्ये आणि डायबिटीसवाल्यांमध्ये छाती दुखतच नाही असंही होतं, नुसती धाप, मळमळ, गळून गेल्यासारखं. ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन वाट बघायची नाही, १०८ ला फोन, आणि स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

जास्तीचंही एक टोक असतं. वर्षानुवर्षं लांब मॅरेथॉन पळणाऱ्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय बिघडणं, जास्त दिसतं. पण आपल्यातल्या शंभरातल्या नव्याण्णवांना ही काळजी करायची वेळ कधी येणार नाही.

ताप असताना व्यायाम पूर्ण बंद, काही व्हायरस हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात, घाम काढून ताप उतरवायच्या भानगडीत पडू नका. आणि गणपती, दिवाळी, कोकणातला पाऊस, घरचं लग्न, यात दोन-तीन आठवडे जातातच, जाऊ द्या. परत आलात की तोच रस्ता जड वाटेल, नाडी दहा ठोके वर दिसेल. अंगातलं वाढलेलं रक्ताचं पाणी सगळ्यात आधी जातं, त्याचा हा परिणाम, आणि परतही तेच सगळ्यात आधी येतं. सुटी आधी जेवढं चालत होतात त्याच्या निम्म्यावर सुरू करा, चढ आठवडाभर टाळा, दोन आठवड्यांत जुन्या अंतरावर या. पावसाळ्यात रस्त्याची सोय नसेल तर जिना आणि भिंत आहेच.